सुंद्राक्काची माती

वारणेवर पूल झाला नव्हता आणि तालमीत पलित्याच्या उजेडात जोर निघायचे, इतक्या वर्षांपूर्वी मोरसांगव गावात सुंद्राक्का नावाची तेलीण राहत होती. तिच्या घाण्याचं तिळाचं तेल तालमीला जायचं. ती कधी एका जागी बसली नाही, असं म्हणतात. घाणा थांबला की ती डोंगराची वाट धरायची. आस्कंदाची आणि चिकण्याची मुळं खणून आणायची, ती दुधात शिजवायची, तेलात कढवायची. कुणाचा खांदा धरला, कुणाची कंबर लचकली, की तेलाची वाटी घेऊन त्याच्या दारात उभी राहायची. घरी आली तरी अंगणात तिच्या फेऱ्या चालूच असायच्या. लोक म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे.

कारण तिचं तिला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ धोंडी पैलवान होता. जत्रा जवळ आली तशी त्यानं झोप सोडली, जेवण सोडलं, नुसती मेहनत करत राहिला. त्याच्या हातांना कापरं भरायला लागलं. ते सुंद्राक्काला दिसत होतं, पण ते कशाचं, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. एका पहाटे जोर काढता काढता धोंडी मातीत पालथा पडला तो उठलाच नाही. त्या दिवसापासून तिला स्वस्थ बसवेना.

पुढं एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. मोरसांगव आणि शेजारचं हुपळं या दोन गावांच्या मधोमध जोगणीचं रान होतं आणि गवत उरलं होतं ते तेवढंच. जत्रेत ज्या गावचा पैलवान जिंकेल त्या गावची जनावरं त्या रानात जायची, अशी जुनी रीत होती. हुपळ्याचा शिदगोंडा म्हणजे डोंगर. मोरसांगवात त्याच्यासमोर उभा राहील असा एकच गडी होता, हैबती.

हैबती उजाडल्यापासून तालमीत घुमायचा. हजार बैठका झाल्या तरी थांबायचा नाही. गोठ्यागोठ्यांतून जनावरं हंबरायची, ते ऐकून त्याला घास गिळवत नव्हता. पण अंग वाढायचं सोडून आटायला लागलं. मांड्या उतरल्या, डोळे आत गेले. एके दिवशी सुंद्राक्का तेल घेऊन तालमीच्या दाराशी आली. हैबतीनं बुधला घ्यायला हात पुढं केला आणि तो हात थरथरत होता. सुंद्राक्कानं बुधला सोडलाच नाही.

"कवापास्नं कापतोय हात?" तिनं विचारलं.

"ते काय न्हाई, आक्का. दे इकडं."

"हैबती, आंग मेहनतीनं मोडतं आन् निजल्यावर वाढतं. तू नुसता मोडतोयस."

"निजू कसा? रान गेलं तर गावातल्या दावणी रिकाम्या हुतील."

तालमीत बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, अशी रीत होती. सुंद्राक्का उंबरा ओलांडून आत गेली. म्हातारे दाजी वस्ताद उठून उभे राहिले, पण तिचा चेहरा पाहून बाजूला सरले. धोंडी त्यांच्याच हाताखालचा होता.

तिनं आखाडा खणायला लावला. मातीत तेल ओतलं, ताक ओतलं, हळद कालवली. हैबतीचं सगळं अंग चिकण्याच्या कोमट तेलानं चोळलं, त्याला आस्कंद घातलेलं दूध पाजलं, आणि मऊ मातीत गळ्यापर्यंत पुरलं. हैबती ओरडला, "आक्का, सोड मला. जत्रा तोंडावर आलीय." ती दाराशी जाऊन उभी राहिली. बघता बघता त्याचं ओरडणं बारीक झालं आणि तो झोपला.

अशी झोप कुणी पाहिली नाही, असं म्हणतात. दिवस गेला, रात्र गेली, पुन्हा दिवस उगवला. त्याच्या श्वासाबरोबर सगळा आखाडा वर-खाली व्हायचा आणि भिंतीला टेकवलेल्या गदा हलायच्या. गावकरी दाराशी जमले. आमचा पैलवान हिनं जित्ता गाडला, असं म्हणायला लागले. सुंद्राक्का दारातून हलली नाही, पण मनात तिच्या एकच घोळत होतं. आपलं चुकलं असेल तर? याही वेळी कळलं नसेल तर?

मग माती फुटली आणि हैबती उठून बसला. पहिला शब्द बोलला तो "भूक." उडदाचं घुटं, खारका, तूप, समोर येईल ते तो खात सुटला. सकाळी मेहनत, दुपारी तेल, रात्री झोप, असं सुंद्राक्कानं जत्रेपर्यंत त्याला जखडून ठेवलं. त्याच्या मांड्या सागाच्या खोडासारख्या झाल्या.

जत्रेत कुस्ती लागली ती ऊन कलंडलं तरी सुटेना. सुंद्राक्काला बघवेना. ती पालांच्या मागं येरझाऱ्या घालत होती आणि लोकांच्या आवाजावरून कोण वर, कोण खाली ते ओळखत होती. शेवटी शिदगोंड्याच्या मांडीत गोळा आला आणि हैबतीनं त्याला चीतपट केलं.

मोरसांगवानं हैबतीला खांद्यावर घेतलं. हुपळ्याची माणसं रागानं माघारी फिरली. शिदगोंडा मातीत तसाच पडून होता. सुंद्राक्का जवळ गेली, तर त्याचे हात थरथरत होते.

"हैबती," तिनं हाक मारली, "खाली उतर. ह्याला उचलू लाग."

लोक नको नको म्हणत असताना त्या दोघांनी शिदगोंड्याला तालमीत आणलं आणि त्याच मातीत निजवलं.

सकाळी हुपळ्याची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आली. आपल्या पैलवानाला शत्रूनं पुरलं, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. सुंद्राक्का तालमीच्या दारात उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलाय," ती म्हणाली. "गप उभं ऱ्हावा."

त्यांनी आत डोकावलं. आखाडा संथ वर-खाली होत होता. मग तो सगळा जमाव हातातल्या काठ्यांसकट उन्हात उभा राहिला. शिदगोंडा उठेपर्यंत कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही, असं म्हणतात.

तो उठला, पोटभर जेवला आणि हैबतीच्या शेजारी बसला. हैबती गावकऱ्यांना म्हणाला, "रान मी जिंकलंय, तवा मीच सांगतो. दोन्ही गावची जनावरं सोडा." त्या उन्हाळ्यात जोगणीच्या रानातलं गवत खाल्लं तरी सरलं नाही.

आनंदाच्या गडबडीत सुंद्राक्काची आठवण उशिरानं झाली. ती तालमीच्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिला गाढ झोप लागली होती. कुणी तिला उठवलं नाही. ती पुन्हा कधी उठली, याबद्दल दोन गावांचं अजून एकमत नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी मोरसांगवात आजही कुणी जोर काढत नाही. बायका तालमीत शिरून तेल, ताक, हळद घालून माती मळतात. त्या मातीत आधी हुपळ्याचा पैलवान निजतो, मग गावचा. देवळातल्या घंटेला फडकं बांधतात. बैलांच्या गळ्यातले घुंगूर काढतात. तान्हं मूल रडायला लागलं, तर आई त्याला घेऊन शेताकडे जाते. आणि शेवटचा पैलवान आपणहून जागा होईपर्यंत सगळं गाव अनवाणी चालतं.