दुसरी वाटी

एका राज्यात चांदण्यानं माणसं गोठायची. हसा, हसा! यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवायला छाती लागते, ती तुमच्याकडं कुठली? तरी ऐका.

लांब उगवतीकडचं, रेशमाचं राज्य ते. तिथं चांदणं अंगावर पडलं की माणूस जागच्या जागी बर्फाचा पुतळा. म्हणून दिवस बुडाला की सगळे तेलकागदाच्या छत्र्या धरून फिरायचे, राजासुद्धा.

तिथं शूयेन नावाची बाई होती. जीभ वळत नसेल तर शेवंता म्हणा, ती रागवायची नाही. दरबारातल्या कवींसाठी ती शाई घोटायची. शाई पुरेशी झाली की कवी म्हणायचे, "जा आता." त्यामुळं हजार कवितांची सुरुवात पाठ, शेवट एकीचाही नाही. तिचा नवरा वर्षभर अंगणात गोठून उभा होता. छत्री बायकोवर धरली न् स्वतः बाहेर राहिला, असला वेडा! ती रोज रात्री छत्रीखाली बसून दोन वाट्या चहा ओतायची. एक आपली, एक त्याच्या पायाशी.

हा गारठा चंद्रावरच्या राणीचा. फार पूर्वी ती अमर व्हायचं औषध एकटीच प्यायली, हलकी झाली, तरंगत वर गेली. वर मरण नाही, माणूसही नाही. तिच्या एकटेपणावर शंभर राजांच्या कवींनी कविता करून जाळल्या, धुरातून वर धाडल्या. गारठा वाढतच गेला.

राजानं सगळ्यात सुंदर कविता रेशमावर लिहवून घेतली. "ही राणीच्या हाती कोण देईल?"

सगळ्या कवींना एकदम खोकला आला.

शूयेन म्हणाली, "मी जाते, महाराज. माझा माणूस मला परत हवा."

राजाचा सारस बोलायचा. म्हणाला, "छत्री धर. पाठीवर बस. खाली बघू नकोस." आणि उडाला.

चंद्रावर पाऊल वाजत नव्हतं. वाटेत ससा औषध कुटत बसलेला. "हात भरून आलेत. खल भरून कुटून दे, मग पुढं जा." घोटायची सवय तिला, दिलं कुटून. पुढं आभाळाएवढं झाड. एक लाकूडतोड्या घाव घालत होता, आणि प्रत्येक घाव मिटत होता, पाणी मिटावं तसा.

"बाई, हजार वर्षं बसलो नाही. घटकाभर कुऱ्हाड चालव."

"बसा, दादा." तिनं घाव घातले. तो बसला आणि बसल्याबसल्या रडला.

मग राणी. एवढी सुंदर, की शूयेनला छत्री धरायचं भान राहिलं नाही. भोवती कवितांचे डोंगर. राणीनं रेशमावरची वाचली आणि ढिगावर फेकली.

"पुन्हा पुरीच कविता! आपली रीत विसरलात? एकानं अर्धी म्हणायची, दुसऱ्यानं पुरी करायची. मला बोलायला कुणी जागाच ठेवत नाही. तू म्हण एखादी."

शूयेनची बोटं गोठत चालली होती. कवींचं काही आठवेना. घरचंच तोंडात आलं:

"दोन वाट्या चहा ओतते, एकच रिकामी होते..."

आणि थांबली. "पुढचं येत नाही, राणीसाहेब. मला पुढचं कधीच येत नाही."

मग राणी हळू म्हणाली:

"दुसरीत रोज मी उतरते, तू वाकून बघत नाहीस."

आणि राणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. कोमट! ते खाली राज्यात जिथं जिथं पडलं, तिथलं चांदणं नुसतं चांदणं झालं.

शूयेन अंगणात उतरली तेव्हा नवरा डोळे चोळत होता.

"छत्री कुठाय गं?"

"राहिली वर. चहा घे, निवतोय."

राज्यभर छत्र्या मिटल्या. कवी अर्ध्यावर थांबायला शिकले, कुरकुरत का होईना. सारस वर अर्धी न्यायचा, खाली अर्धी आणायचा. आणि शूयेनच्या अंगणात तिसरी वाटी आली, कारण दुसरी आता रिकामी व्हायची. ती वाकून बघायची. तिसऱ्या वाटीत राणी असायची.

नाही ना पटलं? मग मघापासून वर काय बघताय? चला, निघा आता!