घोडसड्याचं बिननावाचं फूल

समोरच्या पाणथळीत जांभळ्या गळ्याचं पांढरं फूल दिसतंय ना, त्याला आमच्या वाडीत नाव नाही. मघाशी तुमच्यातल्या एका साहेबांनी फोनात बघून नाव सांगितलं, तेव्हा ठमाआजीने फूल तोडून त्यांच्या तोंडापुढे धरलं. "आधी खा. मंग बोल." राग मानू नका. घोडसड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, ही रीत फार जुनी आहे.

म्हणे, एका भाद्रपदात वाडीत तापाची साथ आली. घाटाखालून एक वैद आला. त्याने हे फूल बघितलं आणि म्हणाला, "हीच तापाची मुळी. पोथीत अशीच लिहिली आहे."

शेळ्या राखणारी चिमा पुढे झाली. "ही ती नव्हं. तापाची मुळी कड्याच्या सावलीत येते, ही पाण्यात उगवलीय. माझ्या शेळ्या हिला तोंड लावत नाहीत."

"मग पोथी वाचायला शेळ्यांनाच बसव की, चिमे!" पाटील म्हणाला. सगळी वाडी हसली.

चिमाची सात वर्षांची लेक बुधी तापाने फणफणली होती. "मी खरी मुळी आणते. तोवर माझ्या पोरीला काही पाजू नका," असं बजावून चिमा कडा चढून गेली. परत आली तेव्हा बुधी गेलेली होती. ती नसताना वैदाने याच फुलाच्या मुळीचा काढा करून पाजला होता, पाटलाने पोरीचे हात धरले होते, बाकीचे बघत उभे होते.

चिमा रडली नाही, असं सांगतात. उरलेला काढा तिने वैदापुढे ठेवला. "पी." तो मागे सरला. पाटलापुढे ठेवला. त्याने मान खाली घातली. मग ती वाडीवर उलटली.

"पोरीच्या आधी तू पी, असं याला म्हणायला एकाचंबी तोंड उघडलं नाही? हसायला बरी उघडली! आजपासून या सड्यावर जो झाडपाल्याचं नाव सांगंल, त्यानं ते आधी आपल्या जिभेवर ठेवायचं."

वैद दिवस बुडायच्या आत घाट उतरला. चिमाने आणलेली मुळी उकळली, आधी स्वतः प्यायली आणि मग त्याच लोकांच्या पोरांना पाजली. ती पोरं जगली.

मला हे सांगताना अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. चिमाचा वंश बुधीबरोबर संपला. आजही या वाडीत जे आहोत, ते सगळे त्या हसणाऱ्यांचेच.