घाबरलेलं जातं

घर्रर्र... घर्रर्र... असा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला, बरं का. वाटलं, कुणी दळतंय. पण दळत कुणीच नव्हतं. आवाज जमिनीच्या पोटातला होता. मग जमीन हलली आणि गावातली दगडामातीची घरं खाली बसली.

त्या गावात केवळा नावाची दहा वर्षांची मुलगी होती. भूकंपात तिची आई गेली. वडिलांनी, भिवाजींनी, पत्र्याचं नवं घर उभं केलं. पण केवळा छपराखाली पाऊल टाकेना. अंगणातल्या कडुलिंबाखाली जेवायची, तिथंच निजायची. आणि कुणाचं जातं फिरलं, की कान झाकून शिवाराकडे पळत सुटायची.

मग गल्लीतल्या बायकांनी काय केलं? आपापली जाती ओढ्यापलीकडे नेली. दळणासाठी रोज पाणी तुडवायच्या. मायेनंच केलं त्यांनी. पण गल्ली इतकी गप्प झाली, की पान पडलं तरी केवळा दचकायची. त्यात थंडी तोंडावर आली. पोर उघड्यावर कशी राहील, म्हणून भिवाजींना घोर लागला.

एका सकाळी काय झालं, घरातून खरडत खरडत केवळाच्या आईचं जातं बाहेर आलं. भिवाजींनी ढिगाऱ्यातून काढून ते कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. ते थेट कडुलिंबाखाली येऊन बसलं.

"तू कशाला आलंस?" केवळानं विचारलं.

"मला छपराची भीती वाटते," जातं म्हणालं. "माझ्यावर भिंत पडली होती."

केवळा त्याच्याकडे बघत राहिली. मग जवळ सरकली.

"माझ्यावर पण," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग तिनं भीत भीत खुंटा धरला. एकच फेरा दिला. घर्र झालं. तिनं हात सोडला, तर आवाज थांबला. जमिनीचा आवाज कुणाला थांबवता आला नव्हता. हा मात्र तिच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी जातं दारापर्यंत सरकलं. केवळानं मूठभर ज्वारी घातली, चार फेरे दिले आणि पळाली. शेजारच्या सखूकाकू म्हणाल्या, "पळ बाई, पळ. पीठ कोंबड्या खातील." केवळा परत आली. पळालेल्या माणसाला परत येणं सोपं नसतं, बाळांनो.

तिसऱ्या दिवशी जातं उंबऱ्याशी अडून बसलं. पुढं सरकेना.

केवळा म्हणाली, "मी आधी जाते. तू माझ्या मागं ये."

आणि गेली की. छपराखाली बसून सूपभर ज्वारी दळली. दळता दळता आईची ओवी तिच्या तोंडी आली. ती रडली, पण हात थांबला नाही. त्या पिठाची भाकरी गल्लीनं चतकोर चतकोर वाटून खाल्ली. काय ऐट होती सगळ्यांची! बायकांनी जाती परत आणली, गल्ली पुन्हा घरघरू लागली. भीती पुरती गेली नाही हं. अधूनमधून यायची. आली की केवळा खुंटा धरायची.

आता डोळे मिटा, मग शेवटचं सांगतो.

त्या तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी भिवाजींनी रोजच्यासारखी कडुलिंबाखाली वाकळ अंथरली. केवळानं ती उचलली, झटकली, काखेत मारली, आणि घरात निघून गेली.