चिंचोक्यांची खळ

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि माणसाला पलीकडे जायचं असलं की काठावर उभं राहून नावाड्याला हाक मारावी लागायची. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा टेका. गोष्ट तुमचीही आहे.

अशाच एका नदीकाठी लखू नावाचा नावाडी राहत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तो आणि त्याची लेक राही, दोघंच.

राहीला लहानपणापासून बांधायचं वेड. चिमणीला घर, शेळीला आडोसा, शेजारच्या ठकूआजीच्या चुलीला वारा लागू नये म्हणून मातीची पडदी. जे बांधायची ते कुणासाठी तरी असायचं. आधी त्या जिवाकडे बघत बसायची, तो कसा बसतो, कुठून येतो, कशानं दचकतो. मग माती कालवायची.

लखू आता थकला होता. दोन खेपांच्या मधे तो उघड्या काठावर बसायचा आणि नदीवरचा वारा त्याच्या छातीत शिरायचा. खोकला लागला की वल्हं हातातून सुटायचं. राहीनं ते पाहिलं. एक दिवस ती ओल्या गवताचा धूर करून काठावर बसली आणि वारा कुठून येतो, कुठे वळतो ते बघत राहिली.

"काय गं, नदीला धुरी देतेस का?" लखूनं विचारलं.

"तुमच्यासाठी निवारा बांधतेय, आबा. घाटावरच. आत बसलात तरी पलीकडची हाक ऐकू येईल, आणि वारा मात्र बाहेरून निघून जाईल."

तिनं बांबू रोवले. कूड विणला. भिंत सरळ नाही, जराशी तिरकी घेतली, म्हणजे वारा तिच्यावर आपटणार नाही, तिच्या अंगानं घसरत जाईल. आत टेकायला मातीचा कट्टा केला. छपरासाठी गवत कापून पेंढ्या बांधून ठेवल्या. आता छप्परच तेवढं राहिलं होतं.

आणि त्याच वेळी परशूमामा आला.

परशूमामा म्हणजे राहीच्या आईचा भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण गावभर हिंडून जे दिसेल ते खरं मानणारा. तो डोंगरापलीकडे जाऊन आला होता. तिथे स्थपतींचं मोठं विद्यालय होतं. राज्यातली देवळं, धरणं, धर्मशाळा बांधणारे तिथेच शिकायचे. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, त्याचं फाटक उघडायचं आणि नवी मुलं आत घेतली जायची. तिथे जावं हे राहीचं कधीपासूनचं स्वप्न होतं.

"मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो," मामा म्हणाला. "फाटकासमोर चिंचोक्यांचा रांजण आहे. द्वारपाल कोडी घालतो, हिशेब विचारतो. एक उत्तर बरोबर आलं की एक चिंचोका हातावर. ज्याची पिशवी जड, त्याचा जयजयकार! लोक काय नाचत होते!"

"आणि आत काय होतं, मामा?"

"आत कोण सोडतो मला? पण आत काय असणार? पिशव्या मोजत असतील."

झालं. दुसऱ्या दिवसापासून राहीचे हात मातीतून निघाले. मामा कोडी घालायचा आणि ती उत्तरं द्यायची. सावली सगळ्यात आखूड कधी? गोल विहिरीला चौकोनी विटा कशा बसतात? मामा भाकरी खाता खाता विचारायचा, ठसका लागला तरी थांबायचा नाही.

ठकूआजी कुंपणावरून ओरडायची, "अरे परशा, पोरीला जरा श्वास घेऊ दे! एवढे चिंचोके आणून काय बांधणार आहेस, चिंचेचं झाड?"

"आजी, तुला यातलं कळत नाही. आपल्या गावाचं नाव होणार आहे!"

मग गावालाही ते पटलं. येता जाता लोक राहीला कोडी घालू लागले. ती पटापट सांगायची. सगळे वाहवा करायचे. वाहवा गोड लागते, बाळांनो. तिला दोष देऊ नका.

कधी ती घाटाकडे बघून म्हणायची, "आबा, छप्पर राहिलंय हो."

लखू म्हणायचा, "राहू दे. भिंत आहे ना, पाठ टेकते. तू तुझं बघ. छप्पर काय, पळून जातंय का?"

थंडी वाढली. पेंढ्यांवर दव पडून गवत काळं पडलं, वरच्या दोन-चार पेंढ्या शेळ्यांनी ओढून नेल्या. लखू त्या उघड्या निवाऱ्यात बसायचा. भिंतीनं वारा अडायचा, पण वरून दव थेट अंगावर यायचं. नावेतल्या माणसांना तो कौतुकानं दाखवायचा, "हे माझ्या लेकीनं बांधलंय. छप्पर व्हायचंय."

फाटक उघडायचा दिवस जवळ आला. लखूनं राहीला आणि मामाला पलीकडे सोडलं. वल्हवताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

"आबा, तुम्ही घरात निजा. आजीला सांगितलंय मी."

"निजेन की. पण तू परत येऊन इथून हाक मारशील. घरात असलो तर ऐकू कशी येईल? मी आपला घाटावर बरा."

"हाक दुसरं कुणी ऐकेल, आबा."

"तुझी हाक दुसऱ्यानं का ऐकावी?" तो हसला, खोकला, आणि नाव वळवून निघून गेला.

फाटकासमोर ही गर्दी. मामानं सांगितलेलं सगळं खरं होतं. रांजण होता, कोडी होती. ज्यांना साधा हिशेबही जमला नाही ते मान खाली घालून परतले. एका विणकराच्या मुलाला जेमतेम मूठभर चिंचोके मिळाले. राहीची पिशवी मात्र भरून वाहू लागली. त्या दिवशी तिच्याएवढे कुणालाच मिळाले नाहीत. लोकांनी आरोळी ठोकली. मामानं डोक्याचा फेटा काढून उडवला.

फाटक उघडलं. राही आत गेली.

आत कुणी पिशव्या मोजत नव्हतं. मोठ्या चौकात जमिनीवर मुलांनी गाठोड्यांत झाकून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या. कुणी मातीचा जिना करून आणला होता, कुणी लाकडाची कमान. त्या विणकराच्या मुलानं धान्याची कणगी आणली होती. उंदराला चढता येऊ नये म्हणून तिचा खालचा भाग उलट्या शंकूसारखा विणला होता. थोरले स्थपती गुडघे टेकून ती कणगी हात फिरवून बघत होते. चुन्यानं भेगाळलेले हात, पांढऱ्या भुवया.

कोपऱ्यात चुलीवर मोठं भांडं रटरटत होतं.

"ये, पोरी," थोरले स्थपती म्हणाले. "तू काय आणलंस?"

राहीनं पिशवी पुढे केली. म्हाताऱ्यानं ती घेतली, बाजूच्या माणसाकडे दिली, आणि त्या माणसानं चिंचोके जात्याशेजारच्या टोपल्यात रिकामे केले.

राही टोपल्याकडे वळली. "मोजायचे... मोजायचे नाहीत?"

"बाहेर मोजले की. मूठभर असले की आम्हाला पुरे. ज्याला काहीच मोजता येत नाही, त्याची भिंत उद्या कुणाच्या तरी अंगावर पडते. म्हणून तेवढं बघतो. नंतर ते भाजतो, दळतो आणि त्याची खळ शिजवतो. नमुने जोडायला लागते ना." त्यांनी भांड्याकडे बोट दाखवलं. "तुझ्यामुळे यंदा खळ भरपूर होणार. आता सांग, जोडायला काय आणलंस?"

राहीनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते स्वच्छ होते. नखांत मातीचा कण नव्हता.

"मी... मला येतं बांधता," ती म्हणाली. "घाटावर निवारा बांधलाय मी. तो आणता येत नाही."

"मग काय झालं? आमचा माणूस चालत जाऊन बघून येतो. पुरा झालाय?"

"छप्पर व्हायचंय."

"केव्हा थांबलं?"

"चिंचोक्यांची तयारी सुरू केली तेव्हा."

थोरल्या स्थपतींनी कणगी बाजूला सारली. मग त्यांनी विचारलं, "कुणासाठी बांधत होतीस?"

"आबांसाठी. त्यांना वारा सोसत नाही. म्हणून भिंत तिरकी घेतली, वारा घसरून जावा म्हणून."

थोरले स्थपती उठून उभे राहिले. "वाऱ्यासाठी भिंत तिरकी घेतलीस, आणि मला पिशवी दाखवत होतीस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "बाहेर उभं राहणाऱ्याला रांजण तेवढा दिसतो, पोरी. चौक दिसत नाही. यात आमचीही चूक आहे. तू घरी जा. छप्पर घाल. मी स्वतः येऊन तुझ्या आबांच्या शेजारी बसेन. वारा लागला नाही, तर तुला बरोबर घेऊन येईन."

त्यांनी मडकीभर खळ तिच्या हातात दिली. "लिंपणात मिसळ. भिंत लवकर धुपत नाही."

राही जवळजवळ पळतच निघाली. तिला रडू येत नव्हतं. उलट हायसं वाटत होतं. छप्पर तर घालायचं होतं! मामा मागून धापा टाकत येत होता. "माझंच चुकलं गं," एवढंच तो म्हणत होता. नदीवर पोचताच तिनं पलीकडे हाक मारली.

"आबा! ओ आबा!"

नाव सुटली. पण वल्हं मारणारा हात आबांचा नव्हता. कोळीवाड्यातला सिधू होता. नाव काठाला लागली तरी त्यानं वर पाहिलं नाही.

"आबा कुठायत, सिधूदादा?"

"बस, राही," तो म्हणाला. "आधी बस."

नदीच्या मधोमध त्यानं सांगितलं. राही गेल्यापासून लखू घाटावरून हलला नव्हता. ठकूआजीनं हाताला धरून ओढलं, जेवण तिथे आणून दिलं, पण तो म्हणायचा, पोरगी हाक मारेल. दव पडायचं, घोंगडी भिजायची. काल सकाळी सिधू जाळं घेऊन आला तेव्हा लखू कट्ट्यावर भिंतीला पाठ टेकून बसलेला होता, तोंड पलीकडच्या काठाकडे. सिधूनं हाक मारली. त्यानं ओ दिली नाही.

निवाऱ्यात घोंगडी तशीच पडलेली होती. वरून आभाळ दिसत होतं.

राहीनं नवं गवत कापलं. छप्पर घातलं. मातीत खळ कालवून भिंती लिंपल्या. कुणाशी बोलली नाही. ठकूआजी चिखल तुडवायला आली, तिलाही नको म्हणाली नाही. परशूमामा पाणी आणून देत राहिला. काम पुरं झालं तेव्हा आत खरोखरच वारा येत नव्हता, आणि पलीकडची हाक स्वच्छ ऐकू येत होती.

थोरले स्थपती शब्द पाळून आले. ते कट्ट्यावर बसले. नदीवरून वारा सुटला आणि भिंतीच्या अंगानं निघून गेला. त्यांच्या उपरण्याचं टोकसुद्धा हललं नाही.

"आबा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

राहीनं कट्ट्यावरची त्यांच्या शेजारची जागा दाखवली. तिथल्या भिंतीवर पाठ टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला होता. तेवढी जागा तिनं लिंपली नव्हती.

थोरल्या स्थपतींना कळलं. ते सावकाश उठले आणि त्या जागेपुढे हात जोडून उभे राहिले.

त्या वर्षापासून विद्यालयाचा रांजण आत गेला आणि मुलांनी बांधून आणलेल्या वस्तू फाटकाबाहेर, सगळ्यांना दिसतील अशा, मांडल्या जाऊ लागल्या. राही तिथे शिकली. पुढे तिनं धर्मशाळा बांधल्या, घाट बांधले, आणि लोकांनी तिचं नाव मानानं घेतलं. काम सुरू करण्याआधी ती एवढंच विचारायची, "इथे कोण बसणार आहे? आणि त्याला केव्हा बसायचंय?" मग थंडीच्या आत छप्पर घातल्याशिवाय ती घरी जात नसे.

नदीकाठचा तो निवारा पुष्कळ वर्षं उभा होता. वाटसरू त्यात बसत, नावेची वाट बघत, बांधणाऱ्याला दुवा देत. राही मात्र त्या कट्ट्यावर कधी बसली नाही. गावी आली की ती बाहेर, वाऱ्यात उभी राहायची.

म्हणून लक्षात ठेवा: दारावर जे मोजलं जातं ते आत शिरायला मूठभर पुरतं, पण त्याच्यामागे लागून हातातलं खरं काम अर्धं सोडू नका, कारण ज्याच्यासाठी ते करायचं तो माणूस कायम थांबून राहत नाही.