नऊ वाजेपर्यंतच्या दोन जागा

"मग घेऊ की सोडू, बुवा? एवढंच सांगा. नऊ वाजेपर्यंत राखून ठेवल्यात त्यांनी."

"कोणी?"

"विमान कंपनीनं. दोन जागा. शेजारी शेजारी."

गोसावीबुवांनी उकडलेल्या शिंगाड्याचं टोक दातानं तोडलं, गर काढून थाळीत टाकला. शिंगाडे सोलून सोलून बोटं काळी झाली होती. पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

टेकडीच्या चारही बाजूंनी धरणाचं पाणी. पण कार्तिकातल्या त्या सकाळी पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत धुकं भरलेलं. बुवांची मठी आणि तिच्यापुढचा सपाट दगड, एवढंच काय ते जग वर राहिलं होतं. डोंग्यातून आलेल्या माणसालाही आपण कुठून आलो ते बोट करून दाखवता आलं नसतं.

आला होता तो निशिकांत खोरगडे. मूळ नागपूरचा, वस्ती पुण्याची, वय एक्केचाळीस. विमानाच्या पॉइंटांतला पंडित. विमानानं फिरलं, कंपनीच्या कार्डावर किराणा भरला, की खात्यात पॉइंट जमा होतात आणि पुढे त्यांच्यावर फुकट तिकीट मिळतं. कुठं खर्चले तर जास्त वसूल होतात, हे तो लोकांना शिकवायचा. दर रविवारी, फी घेऊन. लोकही बसायचे, आणि वह्या काढून लिहून घ्यायचे.

बुवांकडे त्याला धाडलं होतं त्याच्या वडिलांनी. नाना खोरगडे चौतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक होते. त्यांतली सहा वर्षं याच धरणावर, पाऊस मोजायला. तेव्हापासून बुवांची ओळख. फोनवर नाना एवढंच म्हणाले होते, "तुला ठरवता येत नसेल, तर बुवांना विचारून ये."

"किती आहेत तुझ्याजवळ?" बुवांनी विचारलं.

"चार लाख बारा हजार."

"मैल?"

"पॉइंट. मैलच समजा."

"बाप्पा! एवढ्यात तर माणूस चंद्रावर पोचते."

"तिकडे अजून कोणती कंपनी जात नाही," निशिकांत म्हणाला. चेष्टेत नाही, माहिती म्हणून.

बुवांनी एक शिंगाडा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो घेतला आणि बाजूला ठेवला. हातात फोन होता ना.

"त्याचं असं आहे, बुवा. नोट कुठंही मोडा, तेवढीच. पॉइंटचं तसं नाही. नागपूर-पुणे असल्या तिकिटावर घालवला, तर एका पॉइंटचे पडतात तीस पैसे. तोच परदेशी, पहिल्या वर्गात, जिथं झोपायला पलंग देतात, तिथं वापरला तर दोन रुपये. खर्च करणं कोणालाही जमतं. थांबणं जमत नाही."

"तू किती थांबला?"

"सहा वर्षं."

हे त्यानं छाती काढून सांगितलं.

"अन् नेणार कोणाले?"

"नानांनाच की. त्यांच्यासाठी तर सगळं." तो पहिल्यांदा फोन सोडून बोलला. "चौतीस वर्षं त्यांनी ढग खालून बघितले. रोज साडेआठला अंगणात उभं राहायचं, आभाळाचे मनात आठ भाग करायचे, त्यातले किती भाग ढगांनी भरले ते लिहायचं. निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, एकदा वरून बघायचे राहिले रे. मी तिथंच ठरवलं, बघायचे तर राजासारखे. चौदा तास. पलंगावर पडून."

"पडून झोपणार का बघणार?"

निशिकांत हसला नाही. असल्या माणसांना हिशेबाच्या मध्ये कोणी विनोद केला की तो पायात आलेल्या मांजरासारखा वाटतो.

"मधे बऱ्याचदा उघडल्या होत्या जागा," तो म्हणाला. "एकदा एकच होती. एकदा दोन होत्या, पण लांब लांब. एकदा सगळं जमलं होतं, तर दीड रुपयाच पडत होता. सोडल्या. काल सकाळी मात्र… दोन जागा, शेजारी, पूर्ण दोन रुपये! सहा वर्षांत पहिल्यांदा, बुवा."

"मग घे ना. माझ्याकडे काहून आला?"

त्यानं फोनवरची वेळ बघितली.

धुक्यात कुठंतरी डोंगेवाल्या कौसाबाईचा खोकला ऐकू आला. मग तिची हाक वर आली, "ओ साहेब! परत यायचं हाय का तिकडंच भगवी घेता?"

"थांब ग!" बुवांनी खाली ओरडून सांगितलं. मग हळू आवाजात विचारलं, "कधीच्या आहेत जागा?"

"नऊ फेब्रुवारी."

"अन् नानाचा डोळा?"

निशिकांतचा फोनवरचा अंगठा थांबला.

"डाक्टर काय म्हणते?"

"डावा तर गेलाच." निशिकांतनं फोन पालथा घातला. "उजव्यात मधोमध डाग आहे. काठाकाठानं दिसतं अजून. संक्रांतीपर्यंत धरून चाला, म्हणाले. पण डॉक्टर अंदाजच सांगतात, बुवा. चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे. एखादे वेळी टिकेलही. नाही टिकला तर तिकीट परत करता येतं, पॉइंट बुडत नाहीत. ते मी बघून घेतलंय."

"ते बघून घेतलं."

"हो."

बुवा शिंगाडे सोलत राहिले. सोलताना होणारा तेवढा कुडकुड आवाज. धुकं टेकडीला लागून वर येई, दगडाला शिवे, मागे जाई. एखादं जनावर झोपेत श्वास घेतं, तसं.

"किती खेपा गेला असशील वर?" बुवांनी विचारलं.

"विमानानं? दोनशे चौदा."

"सगळ्या कामासाठी?"

"नाही, नाही." इथं त्याचा चेहरा खुलला. हा त्याच्या रविवारच्या वर्गातला आवडता धडा होता. "वर्षाला ठरावीक फेऱ्या झाल्या नाहीत तर कंपनी आपलं मानाचं सोनेरी कार्ड काढून घेते. मग डिसेंबरात आम्ही नुसत्या फेऱ्या मारतो. जायचं, उतरायचं, विमानतळावरच चहा घ्यायचा, त्याच विमानानं परत. गेल्या डिसेंबरात मी चार वेळा नागपूर केलं. स्वस्त पडतं ते."

"चार वेळा."

"हो."

"नाना कुठं राहते?"

"सोनेगावला."

"विमानतळापासून किती?"

"…दहा मिनिटं."

बुवांनी मान हलवली. रागानं नाही. कोणी एखाद्या गावाचा रस्ता सांगावा आणि आपण लक्षात ठेवावा, तशी.

"उतरून बाहेर गेलं तर परतीचं विमान चुकतं, बुवा," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

"बरं. वरून ढग कसे दिसतात?"

"काय?"

"दोनशे चौदा खेपा गेला. सांग, कसे दिसतात?"

"पांढरे… म्हणजे कापसासारखे."

"हे तर जमिनीवरूनही सांगता येते."

"मी खिडकीत बसत नाही, बुवा. कडेची घेतो, मधल्या वाटेकडची. उतरायला बरी पडते."

"खिडकीत कोण बसते मग?"

"ज्यांना सवय नसते ते."

बुवा हसले. मोठ्यानं, पोटातून. खाली डोंग्यात कौसाबाईही उगाच हसली. निशिकांतचे कान लाल झाले.

"इकडे ये," बुवा म्हणाले. "या दगडावर बस. डावा डोळा मीट. उजव्यानं सरळ समोर बघ."

तो बसला. बुवा त्याच्या मागं उभे राहिले आणि त्यांनी आपली काळी मूठ त्याच्या उजव्या डोळ्यापुढे आणून धरली. अगदी जवळ. पापणी लागेल एवढी.

"काय दिसते?"

"तुमची मूठ."

"डोळा हलवू नको. काठानं काय दिसते?"

"काही नाही."

"बस मग."

तो बसला. मांडीवर फोन होता. त्यावर आठ वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

आधी नुसतं पांढरं होतं. मग त्या पांढऱ्यात एक करडी ओळ हलली. ते बुडालेल्या झाडाच्या शेंड्याचं लाकूड होतं, आणि त्यावर पाणकावळा पंख पसरून उभा होता, वाळत घातल्यासारखा. त्याच्याकडे बघायला गेलं की तो मुठीमागे जाई. न बघितलं की परत येई. धुक्याला तिरपं ऊन लागलं असावं. ते आतून पिवळं झालं, मग भाजलेल्या पोळीसारखं जागोजागी फुगलं. एका ठिकाणी ते फाटलं, आणि फटीतून फार खोल, फार लांब, पाण्याचा निळा तुकडा दिसला. त्यात एक डोंगा होता. डोंग्यातली बाई गळ टाकल्यासारखी स्तब्ध होती. फट मिटली.

"हलतंय," निशिकांत म्हणाला.

"हं."

"सगळं हलतंय, बुवा. आम्ही वरून जातो तेव्हा… खाली हे असं चाललेलं असतं?"

बुवांनी मूठ काढली नाही.

"माझ्याकडे बघ," ते म्हणाले, आणि मूठ तशीच धरून त्याच्यासमोर आले.

त्यानं बघितलं. समोर बुवा नव्हते. मूठ होती. त्यानं मान जरा वळवली, मठीच्या भिंतीकडे. तेव्हा कडेला बुवांचा कान दिसला, दाढीचा अर्धा भाग, खांदा. आणखी वळवली, तेव्हा डोळा.

तो एकदम तसाच थांबला.

"दिवाळीत…" तो म्हणाला. "दिवाळीत घरी गेलो होतो एक दिवस. नाना माझ्याशी बोलताना सारखे भिंतीकडे बघायचे. जेवताना पण. मी काही विचारलं की तोंड फिरवायचे. मला वाटलं, रागावलेत. मी पण मग फार बोललो नाही. दुपारच्या विमानानं निघालो."

"तुलेच बघत होता," बुवा म्हणाले.

त्यांनी मूठ खाली घेतली आणि जाऊन आपल्या थाळीपाशी बसले.

निशिकांत दगडावरच राहिला. मूठ गेली तरी तो सरळ बघेना. मान वाकडी ठेवून धुक्याकडे बघत राहिला. मांडीवरचा फोन एकदा थरथरला. थोड्या वेळानं परत थरथरला. मग त्यावरचा उजेड आपोआप मालवला.

ऊन वर आलं. धुक्याचे आधी दोन भाग झाले, मग पाच. मग नुसत्याच चिंध्या राहिल्या, आणि त्यांच्याखाली पाणी असं स्वच्छ उघडं पडलं, जसं काही ते रात्रभर कोणीतरी झाकून ठेवलं होतं. पलीकडचा काठ दिसला. काठावरचं एसटीचं शेड दिसलं.

त्यानं फोन उचलला. नऊ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

"गेल्या?" बुवांनी विचारलं.

"गेल्या."

दोन रुपयांच्या हिशेबात आयुष्यात पहिल्यांदा मार खाल्लेला तो माणूस, पण तोंडावर मार खाल्ल्यासारखं काही नव्हतं. कोणी झोपेतून उठवल्यासारखं होतं.

"इथून सरळ सोनेगावला जातो," तो म्हणाला. "उद्या सकाळी नागपूरहून जे पहिलं उडेल, ते. कुठंही जाऊ दे. त्यांना खिडकीत बसवतो."

"तीस पैशाचं?"

"तीस पैशाचं." तो हसला. या खेपेला आतून हसला. मग दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "पण बुवा, तुम्ही मूठ बरोबर तेवढीच धरली. नानांना कसं दिसतं, ते तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्यानंच धरून दाखवली मले. माझ्या डोळ्यापुढे."

"नाना? इथं? कधी?"

"कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. एसटीनं आला, मग कौसाबाईच्या डोंग्यातून. टेकडी चढताना दोनदा पडला. हात धरू दिला नाही कोणाले."

"एवढ्या लांब? या डोळ्यांनी?" तो उठून उभा राहिला. "मला बोलले नाहीत. कशाला आले होते?"

"त्या दिवशीही असंच भरलं होतं," बुवा म्हणाले. "साडेआठला उभा राहिला अन् म्हणाला, आठात आठ. पूर्ण. अन् मग बसला."

निशिकांतनं खाली बघितलं. पाणी. उघडं पाणी, लख्ख ऊन. बघायला आता काही उरलं नव्हतं.

"म्हणजे… बघून झालं त्यांचं. ढग वरून."

थाळीतला गर बुवांनी एका पानावर काढला आणि पानाची घडी घातली.

"मग मी उद्या काय दाखवणार त्यांना?"

बुवांनी ती घडी त्याच्यापुढे धरली.

"हे घेऊन जा. शिंगाडा आवडते त्याले."

निशिकांतनं पान घेतलं. दोन पायऱ्या उतरला. खाली कौसाबाई डोंगा सोडायला उभी होती. तो परत वळला. मान नकळत जरा तिरपी झाली होती.

"किती वेळ बसले होते ते?"

"धुकं विरेपर्यंत."

"याच दगडावर?"

"हाव."

"एकटेच…?"

बुवांनी दगडाकडे बघितलं.

"शेजारची जागा सोडून बसला होता."