टाचणीची घाई

एका जंगलातल्या तळ्याकाठी लव्हाळ्यात एक टाचणी राहायची. टाचणी म्हणजे चतुराच्याच नात्यातली, मुलांनो, पण अंगाने अगदी काडी, आणि बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी. तिची शेजारीण चतुरीण मात्र धिप्पाड. बसली तरी पंख पसरूनच. दोघींचे बरे चालले होते, पण अंडी घालायचे दिवस आले आणि टाचणीच्या जिवाला घोर लागला.

तिची रीतच मुळी किचकट. लव्हाळ्याचा हिरवा देठ शोधायचा, शेपटीच्या टोकाने त्याला चीर पाडायची, आत एक अंडे ठेवायचे, की मग दुसरी चीर. त्यात देठाखाली एक बेडूक येऊन बसला आणि तिच्याकडे टक लावून बघू लागला. तिकडे चतुरीण उडता उडता पाण्यात शेपटी बुडवायची, की झाली अंडी घालून. बेडकाला ती कुठली सापडायला! टाचणीला वाटले, आपणच मेली मंद; अशाने आपली अंडी पोटातच राहणार आणि आपण बेडकाच्या पोटात जाणार.

ती उठली आणि पाण्यावर जाऊन चतुरिणीसारखी शेपटी बुडवू लागली. भराभर अंडी पडली, तिला हायसे वाटले. पण तिच्या पंखांत तेवढे बळ कुठले? वाऱ्याची झुळूक आली आणि ती पाण्यावर आडवी झाली, पंख चिकटून बसले. भीतभीत तिने खाली पाहिले, तर मासोळ्यांची झुंबड उडाली होती आणि त्या तिची अंडी गिळत होत्या. वाऱ्यानेच तिला ढकलत काठाला लावले, म्हणून जीव तरी वाचला.

पंख वाळवत ती रडत बसली. चतुरीण जवळ आली तेव्हा तिने विचारले, "बाई, तुझी अंडी कशी गं वाचतात?"

"वाचतात कुठे?" चतुरीण म्हणाली. "बहुतेक सगळी मासेच खातात, म्हणून तर मी इतकी टाकते. तुझी देठात सुखरूप असतात, याचा मला किती हेवा वाटायचा."

टाचणीच्या पोटात आता थोडीच अंडी उरली होती. बेडूक अजून तिथेच होता. ती देठाच्या पलीकडच्या अंगाला सरकली आणि पुन्हा एक चीर पाडू लागली.

तात्पर्य : दुसऱ्याचा वेग लगेच डोळ्यांत भरतो, त्या वेगापायी त्याचे काय काय बुडाले, ते काठावरून दिसत नाही.