हलिमाबीचा शिरखुर्मा

विधवा बहिणीला आपण नारळाची वाडी हिबा केली, म्हणजे कायमची बक्षीस दिली, हे दाऊदमियाँ परकार गावभर सांगत सुटले होते. वाडीची किल्ली मात्र अजून त्यांच्याच कमरेला होती आणि नारळही त्यांच्याच घरी येऊन पडत होते.

ईदच्या दिवशी काझींना घेऊन ते बहिणीकडे, हलिमाबीकडे, गेले आणि बसल्या बसल्या तेच पालुपद लावलं.

हलिमाबी म्हणाली, "भाईजान, शिरखुर्म्याचं हे अख्खं पातेलं तुम्हाला दिलं. कबूल?"

"कबूल!" दाऊदमियाँ खूश झाले.

तिने पातेलं जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

"अगं, वाढ की!"

"मी दिलं म्हणाले, तुम्ही कबूल म्हणालात. वाडी अशीच तर मिळालीय मला."

काझी हळूच म्हणाले, "दाऊदमियाँ, ताबा दिल्याशिवाय हिबा पुरा होत नाही."

दाऊदमियाँचे कान तापले. गावभर मारलेली एकेक बढाई आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि समोरच्या रिकाम्या वाटीत ठेवली.

हलिमाबीने ती उचलली, पदराच्या किल्लीने कपाट उघडलं आणि वाटी काठोकाठ भरली.

"आता पोटभर खा, भाईजान."

दाऊदमियाँनी मान वर न करताच वाटी काझींपुढे सरकवली.